टायर अचानक फुटत नाही, आधी तो आतून घासला जातो

सुरुवात स्वतःपासून करतो. वीस वर्षं बातम्या लिहितोय आणि एक वाक्य इतक्यांदा लिहिलंय की आता ते हातातून आपोआप टाइप होतं : ‘टायर फुटल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.’ ठाण्यातून फोनवर तेवढंच सांगतात, आम्ही तेवढंच छापतो आणि वाचणारा ‘त्याची वेळ आली होती’ म्हणून पान उलटतो. टायर का फुटला, हे मी एकदाही विचारलं नाही. ही पोस्ट त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. लांब आहे. पण ज्यांच्या दारात खाली बसवलेली गाडी उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझ्या भाच्याने यंदा एक जुनी हॅचबॅक घेतली. एमएच ३७ पासिंग, रुंद अलॉय, मोठा सायलेन्सर, आणि गाडी अशी खाली बसवलेली की टायर आणि फेंडरच्या मधात दोन बोटंही जात नाहीत. आपल्या जिल्ह्यात खऱ्या स्पोर्ट्स कार कुठून येणार? आपल्या पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

पंधरा दिवसांत पोरगं म्हणे, “मामा, गाडी डाव्या बाजूनं वढून रायली.” मी सगळे सांगतात तेच सांगितलं, अलाइनमेंट करून घे. त्याने केली. एकदा नाही, दीड महिन्यात तीनदा. दर वेळी साडेतीनशे रुपये, दर वेळी दहा मिनिटं आणि दर वेळी एकच वाक्य : “टो मारून देल्ला भाऊ, आता सुतात चालते.” दोन दिवस चालायचीही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एक दिवस पंक्चर झालं म्हणून टायर उतरवला. पंक्चरवाल्याने तो उलटा करून माझ्यासमोर धरला. बाहेरची कड नव्यासारखी, नक्षी शाबूत. आतली कड गोटा. गोटा कसली, बोट फिरवलं तर तारा टोचत होत्या. तो एवढंच म्हणाला, “भाऊ, हे घेऊन समृद्धीवर नका जाऊ.”

आदल्याच रविवारी माझा भाचा माझ्या बहिणीला घेऊन शेलूबाजारहून समृद्धीवर चढला होता आणि नागपूरला जाऊन आला होता. ह्याच टायरवर, १२० च्या वेगाने.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उद्या काही झालं असतं तर बातमीही मीच लिहिली असती, आणि तेच वाक्य लिहिलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं सरळ आहे. खाली बसवलेल्या गाडीला दहा मिनिटांत ‘टो मारून’ देणं म्हणजे अलाइनमेंट नव्हे. ती फसवणूक आहे. दुकानदार ती नकळत करत असेल, पण मरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

हे समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही. चाकाचे तीन कोन असतात. समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की आत झुकलंय, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली, तो टो. बाजूने पाहिलं तर ज्या अक्षावर चाक वळतं तो मागे किती कलला आहे, तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं ते ह्या कॅस्टरमुळे. कंपनी गाडी बनवते तेव्हा हे तिन्ही कोन एका ठरावीक उंचीसाठी ठरवलेले असतात. ती उंची तुम्ही कटर लावून दोन इंच कमी केली की खालच्या आर्मचा कोन बदलतो, टाय रॉडचा बदलतो, चाक वरून आत झुकतं आणि टो हलतो. उंचीला हात लावला की तिन्ही कोनांना हात लागला. हे सुटं होत नाही.

नुसता कॅम्बर थोडा बिघडला तर टायर आतून हळूहळू झिजतो. खरा खाऊ आहे टो. हिशेब करून पाहा. एक चाक फक्त पाव अंशाने तिरपं आहे समजा. पंधरा इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत पावणेदोन मिलिमीटरचाही फरक नाही, डोळ्यांना दिसणार नाही. पण असं चाक दर किलोमीटरला चार मीटरपेक्षा जास्त आडवं घासत जातं. समृद्धी ७०१ किलोमीटरची. नागपूरहून मुंबईपर्यंत गेलात तर ते टायर तीन किलोमीटर आडवं फरफटलं. त्यात चाक आत झुकलेलं, म्हणजे ही सगळी फरफट आतल्या तीन बोटांच्या पट्टीवर. काँक्रीट, मे महिन्याचं ऊन, १२० चा वेग आणि कड झिजून तारा उघड्या. अशा टायरचं काय होणार?

आणि ही कड दिसत नाही! गाडी खाली असल्यामुळे बाहेरून फक्त चांगली बाजू दिसते. मालकालाही, पोलिसालाही आणि टायरकडे पाच सेकंद पाहून पुढे जा म्हणणाऱ्या तपासणीसालाही.

मग टो मारून का भागत नाही? कारण कॅम्बर चुकलेला ठेवून टो सरळ केला तर गाडी दोन दिवस बरी वाटते, रोग तिथेच राहतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनीकडून समोरचा टो तेवढाच सहज फिरवता येतो. समोरचा कॅम्बर फिरवायला वेगळा बोल्ट किंवा वरची प्लेट लागते. मागचा आडवा बीम तर बसवला तसाच असतो. म्हणून दुकानदार जे फिरतं ते फिरवतो आणि उरलेल्याबद्दल बोलत नाही. मशीनच्या स्क्रीनवर लाल आकडे दिसत असतात, गिऱ्हाइकाची पाठ असते तिकडे.

शेवटी कोणीतरी नाव सांगितलं म्हणून आम्ही अकोल्याला एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी मशीनवर घ्यायच्या आधीच तास घालवला. काय काय केलं ते क्रमाने लिहितो, कारण हाच क्रम तुम्ही तुमच्या दुकानात मागायचा आहे.

पहिलं, चारही टायरची साइज आणि हवा बघितली. दुसरं, चारही चाकांची उंची टेपने मोजली, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. डावी-उजवी समोरची उंची वेगळी निघाली. एक स्प्रिंग जास्त कापली होती, एक कमी. “हे असं असल्यावर मशीन काय करन?” हे त्याचे शब्द. तिसरं, गाडी उचलून चाकं हलवली : बॉल जॉईंट, टाय रॉडचं टोक, बुश, बेअरिंग, शॉकअपचा वरचा माउंट. एक बॉल जॉईंट ढिला होता. ढिल्या सामानावर अलाइनमेंट म्हणजे वाळूवर भिंत.

चौथं, त्याने कापलेल्या स्प्रिंगा काढून टाकायला सांगितलं. कापलेल्या स्प्रिंगचं शेवटचं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक खाली लटकलं की ती जागेवरून सरकू शकते. आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, म्हणजे प्रत्येक दणका शॉकअपला आणि चेसिसला. आम्ही कंपनीच्या उंचीच्या नव्या स्प्रिंगा घातल्या. भाच्याचं तोंड उतरलं, उतरू द्या.

पाचवं, आर्मच्या बुशचे बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उभी करून, त्या उंचीवर पुन्हा आवळले. उंची बदलल्यावर हे केलं नाही तर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणली, स्प्रिंग बसायला.

त्यानंतर मशीन. आधी मागची चाकं पाहिली, मागचा बीम वाकलेला नाही ना याची खात्री केली. मग समोरचा कॅस्टर आणि कॅम्बर, डावा-उजवा सारखा. मग स्टीअरिंग मधोमध ठेवून लॉक केलं आणि सगळ्यात शेवटी टो. टो शेवटी का? कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. आधी टो मारणारा माणूस एक तर शिकलेला नाही किंवा घाईत आहे. शेवटी रस्त्यावर चक्कर आणि हातात कागद : आधीचे आकडे, नंतरचे आकडे.

त्या कागदावर आधीच्या आकड्यांपैकी निम्म्याहून जास्त लाल होते. म्हणजे तीनदा पैसे घेऊन गाडी लालच परत दिली होती.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ म्हणतं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांचा भुर्दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कागद कडक आहे, रस्त्यावर काय आहे? कारवाई होते ती काळ्या काचांवर, फॅन्सी नंबरप्लेटवर, फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर. जे उभ्या उभ्या दिसतं त्यावर. त्या कारवाईला माझा विरोध नाही. पण फॅन्सी नंबरप्लेटने टायर फुटत नाही. खासगी कारला नोंदणीनंतर १५ वर्षं फिटनेस तपासणीच नाही. दरवर्षी पीयूसी मात्र लागतं. म्हणजे सरकार पंधरा वर्षं गाडीचा धूर मोजतं आणि चाकं मोजत नाही.

समृद्धीवर टायर तपासायची मोहीम निघाली होती, हे मान्य करतो. प्रवेशाच्या ठिकाणी झिजलेले टायर पाहून गाड्या परत पाठवल्या, चालकांना समजावलं. चांगलं काम होतं. पण तपासणी बाहेरून झाली तर खाली बसवलेली गाडी त्यातून हमखास सुटते. नियम सांगतो की कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. बाहेरच्या बाजूला ती सहा मिलिमीटर असेल आणि आत शून्य, तर हा टायर पास की नापास? आतून हात फिरवल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आणि ‘टायर फुटला’ हे कारण किती सोयीचं आहे ते आपण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पाहिलंय. १ जुलै २०२३ च्या रात्री बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटली, २५ माणसं गेली. पहिली बातमी काय होती? टायर फुटला. नंतर अमरावतीच्या आरटीओचा अहवाल आला, तर टायर फुटल्याची खूणच सापडली नाही. पण तोवर पहिली बातमी सगळीकडे पोहोचली होती. म्हणून म्हणतो, हे वाक्य दोन्हीकडून खोटं पडतं. टायर फुटलेला नसताना ते वापरलं जातं, आणि फुटलेला असतो तेव्हा पुढचा प्रश्न त्याच्याआड झाकला जातो.

आता पोरांची उत्तरं. मला ती माहीत आहेत, भाच्याकडून सगळी ऐकलीत.

“गाडी माझी, पैसा माझा.” गाडी तुझी, रस्ता तुझा नाही. तुझं टायर फुटल्यावर गाडी दुभाजक ओलांडून कोणाच्या अंगावर जाते, त्याला तू विचारलं होतंस?

“रेसच्या गाड्यांना पण कॅम्बर असतो.” असतो. पण ती गाडी पहिल्या दिवसापासून त्या उंचीसाठी बनवलेली असते, वळणावर अंग झुकल्यावर टायर पूर्ण टेकावा म्हणून तो कोन मुद्दाम ठेवलेला असतो, कोन पुन्हा पुन्हा मोजतात आणि टायर कधी बदलायचे हे आधीच ठरलेलं असतं. कोइम्बतूरला ट्रॅक आहे, चेन्नईला आहे. तिथे जा, कर काय करायचं ते. मालेगाव-रिसोड रस्ता ट्रॅक नाही.

“नायट्रोजन भरला आहे.” नायट्रोजन झिजलेल्या कडेला नवीन रबर लावत नाही, बापू.

“रस्तेच खराब आहेत, अलाइनमेंट टिकतच नाही.” ह्यात मात्र दम आहे, आणि ह्यावर मी पोरांच्या बाजूने आहे. गतिरोधक कसा असावा ह्याचं इंडियन रोड काँग्रेसचं मानक आहे : ३.७ मीटर रुंद, मधात फक्त १० सेंटिमीटर उंच, गोलाकार चढण. आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर काय आहे? हातभर रुंद, वीतभर उंच, वर पट्टा नाही, आधी फलक नाही. अपघात झाला की गावकरी मागणी करतात आणि ठेकेदार उरलेला माल ओतून जातो. त्यावर साध्या गाडीचं चेंबर फुटतं, मग खाली बसवलेलीचं काय? खड्ड्यांचंही तेच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये द्या. म्हणजे जबाबदारी कोणाची हे न्यायालयाने ठरवून टाकलंय. आता आपण मागायचं आहे.

पण बाळांनो, रस्ता खराब आहे हे गाडी उंच ठेवायचं कारण आहे, खाली करायचं नाही!

जर्मनीसारख्या देशात लोक गाड्या खाली करतातच. पण तिथे प्रमाणित स्प्रिंग घ्यायची, बसवल्यावर तपासणी संस्थेकडून गाडी पाहून घ्यायची, मग तो बदल कागदावर चढतो. आपल्याकडे बदल करायचा नाही म्हणायचं आणि केलेला पाहायचाही नाही. ना शौक सुरक्षित, ना कायदा लागू. माझ्या मते दोन्हीपैकी एक ठरवा. बंदी खरी असेल तर स्प्रिंग कापून देणाऱ्या दुकानापर्यंत जा, फक्त पोराला धरू नका. कलम १८२-अ मध्ये मालकाशिवाय दुसरेही सापडतात. आणि ज्या गाड्या आधीच खाली आहेत त्यांची चाकं तरी मोजा.

म्हणून मागण्या. जिल्हाधिकारी साहेब, आरटीओ साहेब, आपण ही पोस्ट वाचाल की नाही माहीत नाही, वाचणारे पोचवतील.

१) कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव, जिल्ह्यात समृद्धीवर चढायच्या ह्या तिन्ही ठिकाणी टायरची आतली कड तपासा. टॉर्च आणि आरसा एवढंच लागतं. काठीला लावलेला आरसा आपण व्हीआयपींच्या गाडीखाली फिरवतोच ना?

२) अलाइनमेंटच्या प्रत्येक दुकानाला आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद देणं सक्तीचं करा. कॅम्बर बसला नाही तर कागदावर तसं लिहून द्या. खोटं हिरवं नको, खरं लाल चालेल.

३) जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची पोरं शिकतात. तिथे अलाइनमेंटवाल्यांसाठी आठ दिवसांचा वर्ग घ्या. आपल्या दुकानातली बहुतेक पोरं पाहून पाहून शिकलेली आहेत, त्यांना कोणी शिकवलंच नाही. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला.

४) नियमात न बसणारे गतिरोधक मोजा, यादी जाहीर करा, काढा.

५) अपघाताच्या पंचनाम्यात ‘टायर फुटला’ लिहिलं तर चारही टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या नक्षीचं माप लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

सहावी मागणी माझ्यासकट पत्रकारांकडून. ते वाक्य लिहायच्या आधी फोनवर एक प्रश्न वाढवा : “साहेब, टायर आतून कसा होता?” मी आजपासून विचारणार आहे.

आणि तुमच्यासाठी, आजच्या आज. गाडी सपाट जागी लावा, बंद करा, हँडब्रेक ओढा. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, समोरच्या टायरची आतली कड बघा, हात फिरवा. मग दुसरी बाजू. मागच्या टायरसाठी मोबाइलचा टॉर्च लावून तो खाली घाला आणि आतून फोटो काढा. आतली कड बाहेरच्यापेक्षा उघडपणे झिजलेली दिसली तर लांब जाऊ नका. तारा दिसल्या तर गाडी काढूच नका, जागेवरच टायर बदला.

भाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. “मामा, गाडीचा लूक गेला,” म्हणे. गेला. माझी बहीण पुढच्या महिन्यात त्याच गाडीत बसून पुन्हा नागपूरला जाणार आहे, मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या टायरचा आतला फोटो खाली टाका. आणि तुमच्या अलाइनमेंटवाल्याने कागद दिला की नाही, तेही लिहा.